एकोणीस

हुसाविकच्या बंदराकडे पाठ करून बसलेल्या
भूकंपमापन कचेरीत एकच मोठं यंत्र आहे.
आठ कोअर. जमिनीखालची सगळी धुसफूस
आधी त्याच्या कानी जाते.
दिवसा त्याला उसंत नसते.

सगळे गेले की आल्डीस बसते,
ओली लोकरी टोपी हीटरवर टाकून,
आणि एक ओळ लिहिते.
नोहप: मी उठून गेले तरी तू थांबू नकोस.
आयोनाइस, वर्ग तिसरा: डिस्कपाशी कुणी नसेल तेव्हाच जा.
नाइस, एकोणीस.
आणि शेवटी ते ‘आणि’चं चिन्ह,
जे तिला कायम दोरखंडाच्या गाठीसारखं दिसतं,
वडील बोटीवर मारायचे तसल्या.

एंटर.
यंत्र एक आकडा देतं, चार हजार सातशे बारा,
आणि प्रॉम्प्ट परत तिच्या पुढ्यात लुकलुकतो,
जणू काही मागितलंच नव्हतं.

हिशेब उलटा आहे इथे.
वजा वीस म्हणजे सगळ्यांना ढकलून पुढे.
एकोणीस म्हणजे शेवटच्या पंगतीचं पान,
सगळे उठले, हात धुतले,
की मग पातेल्याच्या बुडाशी उरेल ते.
अगदीच उपाशी ठेवत नाही म्हणा,
गर्दीतसुद्धा हजाराला पंधरा शितं टाकतं.

काम काय, तर दोनशे सहा कॅसेटी.
हावलिदी, तिचे वडील, बोटीच्या वायरलेसवर,
आईने स्वयंपाकघरातल्या रिसीव्हरवरून टेप केलेले,
अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याण्णव.
त्यांच्या आवाजातून वारा काढायचा आहे.
घाई नाही.
बोलणारा आता कुठे जातोय?

तेराव्या रात्री समुद्राखाली जमीन हलायला लागली.
दीड, दोन, पुन्हा दोन,
एकदा तीन पॉइंट चार. कपाटातले कप किणकिणले.
आठही कोअर लाल.
चार हजार सातशे बारा
एकतिसाव्या कॅसेटवर अडकलं,
टॉपच्या यादीत इतकं तळाशी
की शोधायला खाली खाली जावं लागलं.
मेलं नव्हतं.
‘झोपलंय’ असंही म्हणता येत नव्हतं.
तयार होतं, आणि कुणी बोलवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.
रीनाइस. दहा.
यंत्र म्हणालं: परवानगी नाही.
स्वतःहून मागे सरकायला इथे कुणाची ना नसते.
सरकलेल्याला पुढे यायचं तर रूट लागतो.
रूट म्हणजे रेकयाविकचा थोरग्रीमुर,
फोन केला तर दोन सेकंदांचं काम.

नंबर काढून तिने फोन हातातच ठेवला.
चाळीस वर्षं शेपटाकडचा तुकडा
स्वतःच्या ताटात घेणाऱ्या आईने
एकदा मधला मागितला होता.
सगळे हसले होते.
आईसुद्धा.

धक्के कधी ओसरले ते आलेखात आहे.
चार हजार सातशे बारा कधी संपलं
ते नोहप डॉट आउटच्या शेवटच्या ओळीत:
रविवार, पहाटे चार दहा.
कचेरीत तेव्हा कुणी नव्हतं.

हेडफोन. कॅसेट एकतीस.
वारा गेलाय. खरखरही बरीचशी.
वडील कुठल्याशा बोटीला विचारतात:
तुमच्याकडे वारा कसा आहे, ओव्हर.
आणि ती बोट उत्तर देण्याआधी,
टेपच्या अगदी जवळून,
ज्यावर नुसतं ऐकता येतं, बोलता येत नाही
त्या रिसीव्हरपाशी उभी राहून
कुणी बाई हळूच सांगते:

पडलाय.
इथे पडलाय आता.
बटाटे टाकू का?